पडद्यामागचा दिवा

दिवा लागलेला नव्हता, आणि माय म्हणाली, "आता बराबर दिसून राहिलं."

प्रेमानंद तिच्यासमोर उभा होता. हातात अजून स्क्रू-ड्रायव्हर होता. रविवारची दुपार, तीन वाजून गेले असतील. माय खाटेवर भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती आणि तिच्या दोन्ही हातांत तो विटेएवढा राखाडी व्हिडिओ गेम होता. चार सेलवर चालणारा, जुना, ज्यात वरून ठोकळे पडतात आणि खाली ते ओळीत बसवायचे असतात. गेम चालू होता. त्याचं टिंगटिंग संगीत वाजत होतं, मायचे अंगठे बटनांवर फिरत होते. पण पडद्याच्या मागे त्याने तीन आठवडे खपून बसवलेला पांढरा दिवा टेबलापासून खाटेपर्यंतच्या चार पावलांत विझला होता. आणि दिवा नसेल तर त्या पडद्यावर काहीही दिसू शकत नव्हतं, त्यालाच काय, कुणालाच. पडद्यामागची चकाकती फिल्म, जिच्यावर आदळून बाहेरचा उजेड परत यायचा, ती त्याने स्वतः ब्लेडने खरवडून काढली होती. आता ती नुसती काळी काच होती. त्या काळ्या काचेकडे बघत माय हसून म्हणत होती, लई झ्याक केलंस रे, सगळं सगळं दिसतं. त्याने नुसतं "हं" म्हटलं. मग म्हणाला, "दे इकडं. एक स्क्रू राहिला." तिने गेम पुढे केला, तो त्याच्या हाताच्या वीतभर डावीकडे. त्याने हात सरकवून घेतला.

तो टेबलाशी येऊन बसला, पण मायने वीतभर डावीकडे पुढे केलेला हात त्याच्या डोळ्यांसमोरून जात नव्हता. त्याने ते बाजूला ठेवलं. आधी दिवा. असंच त्याचं होतं, आधी समोरचं. हिंगोलीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात पंधरा वर्षं तो भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होता. पोरांनी जाळलेले मीटर, तुटलेल्या वायरी, फुटलेली भिंगं, सगळं त्याच्याकडे यायचं आणि त्याच्या हातून दुरुस्त होऊन परत कपाटात जायचं. सर लोक म्हणायचे, प्रेमानंदला दे, तो बघतो. त्याने चारही स्क्रू काढले, डबा पुस्तकासारखा उघडला, सेल घातले, बटन सरकवलं. दिवा लख्ख लागला. ठोकळे पडायला लागले, एकेक कड स्पष्ट. त्याने डबा मिटला. दिवा लागलेलाच. पहिला स्क्रू, दुसरा स्क्रू, तिसरा. चौथा आवळताना दिवा गेला. म्हणजे उघडा असला की सगळं ठीक, आणि पुरता बंद केला की अंधार. संगीत मात्र वाजत राहायचं, कारण त्याचा रस्ता वेगळा होता. दुरून ऐकणाऱ्याला वाटावं, आत सगळं नीट चाललंय.

दिवाळीच्या सुमारास मायनेच हे काढलं होतं. "प्रेमा, ह्यो डबा अंधारला रे. पहिल्यासारखा न्हाई दिसत." त्याने बघितलं होतं. डबा काही अंधारला नव्हता. जुन्या गेमचा पडदा मुळातच शेवाळी, बिनदिव्याचा, खिडकीपाशी बसून खेळायचा. पण तिने काही मागितलं याचंच त्याला इतकं बरं वाटलं की त्याने लगेच कुरियरने पांढऱ्या दिव्याची पातळ पट्टी मागवली. पहिल्या खेपेला चित्राच्या सात-आठ उभ्या रेघा गायब झाल्या. पडद्याच्या कडेची पट्टी सोल्डरिंगच्या कावीयाच्या टोकाने हलकेच तापवल्यावर एकेक रेघ परत आली. दुसऱ्या खेपेला सगळं उलटं दिसायला लागलं, काळ्यावर पांढरे ठोकळे. त्यात त्याची चूक होती. मागची गडद फिल्म त्याने आडवीची उभी चिकटवली होती. कॉलेजात दर वर्षी तो हाच प्रयोग मांडायचा, दोन फिल्म एकमेकींवर धरायच्या, एक फिरवायची, उजेड हळूहळू मरतो, पोरं "अय्यो" म्हणतात. प्रत्येक खेपेला तो गेम मायच्या हातात द्यायचा आणि विचारायचा, आता? आणि ती कपाळाला आठ्या घालून म्हणायची, "अजून जरासा उजेड पायजे बघ." तो परत टेबलाशी यायचा. त्या तीन आठवड्यांत त्याला एकदाही वाटलं नाही की खराबी डब्याच्या अलीकडे असेल.

आता वाटत होतं, आणि वाटायला लागल्यावर एकेक गोष्ट सरळ चालत येऊन समोर बसत होती. चहा. गेल्या पावसाळ्यापासून माय चहा गाळायची तो कपाच्या कडेवर, आणि ओटा चिकट व्हायचा. त्याने मोठ्या तोंडाचे कप आणले. डावीकडच्या दाराच्या चौकटीला तिचा खांदा लागायचा, एकदा तर दंड काळानिळा झाला. त्याने चौकटीला फोमची पट्टी ठोकली. वरणात खडे लागायला लागले, तेव्हा त्याने निवडलेली डाळ आणायला सुरुवात केली. तिने पेपर मोठ्याने वाचणं सोडलं. हट्टा गावच्या अंगणवाडीत ती अठ्ठावीस वर्षं मदतनीस होती, लेकरांना गाणी शिकवता शिकवता स्वतः अक्षर ओळखायला शिकली होती आणि त्या वाचण्याचा तिला केवढा तोरा. तर त्याने खोलीतला बल्ब काढून मोठा लावला. पौर्णिमेला विहारात जाणं बंद झालं, "पाय दुखतेत" म्हणाली, तर तेलाची बाटली. सुईत दोरा ओवायला शेजारच्या द्वारकाबाईला हाक मारायची. त्याला वाटलं, तेवढंच बोलायला निमित्त. प्रत्येक गोष्ट त्याला दिसली होती. प्रत्येकीवर त्याने त्याच आठवड्यात इलाज केला होता. सगळ्या एका ओळीत धरून वरून बघितल्या असत्या तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण तो तसा कधी बघत नसे. तो खाली वाकून बघायचा, एका वेळी एक वायर.

पुण्यातही तेच. लग्नानंतरची चार वर्षं तिथं एका कारखान्यात होता, कॉलेजातून बिनपगारी रजा काढून, कारण बायकोची, ज्योतीची, नर्सची नोकरी तिथं होती. हा गेम तेव्हाचाच. एका रविवारी जुन्या बाजारात दोघं फिरत असताना ज्योतीने तो उचलला होता, हिंगोलीला येताना बसमध्ये दोघं आळीपाळीने खेळायचे, रस्त्याच्या खड्ड्यात ठोकळा चुकायचा आणि ज्योती त्याच्या मांडीवर चापट मारायची, जणू खड्डा त्यानेच पाडला. मग त्या शेवटच्या वर्षी. एका संध्याकाळी ट्यूबलाइट फडफडत होती आणि तो स्टुलावर चढून स्टार्टर काढत होता. ज्योती ड्युटीवरून येऊन पलंगावर बसली होती, अजून चप्पल पायातच. ती म्हणाली, "प्रेम, मला ह्या घरात कुणाशी बोलल्यासारखं वाटत नाही." तो म्हणाला, "जरा टॉर्च धर." ती उठली. तिने टॉर्च धरली, नीट, हलू न देता, ट्यूब लागेपर्यंत. पुढे कित्येक महिने तो विचारायचा, सगळं ठीक ना, आणि ती म्हणायची, ठीक आहे. त्याने कॉलेजातली जागा परत धरली, ती पुण्यालाच राहिली, फोन आठवड्याचे महिन्यावर गेले, आणि गेल्या थंडीत कोर्टाचा कागद आला. तो कागद त्याने प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवला होता, घरात नाही. माय विचारायची, "ज्योतीचा फोन आलता का?" तो म्हणायचा, ठीक आहे ती. कामात आहे. मायने हा गेम ट्रंकेतून शोधून काढला आणि खेळायला शिकली, तेव्हा त्याला वाटलं होतं की ही आता विचारणार. पण तिने एवढंच विचारलं की ह्यो लांबडा ठोकळा उभा कसा करायचा.

त्याने मीटरची एक टोचणी दिव्याच्या वायरीच्या एका टोकाला लावली, दुसरी दुसऱ्या. मीटर वाजला. वायर जिथे डब्याच्या कोपऱ्यात वळत होती तिथे बोटाने दाबलं. आवाज बंद. सोडलं, परत वाजला. मग त्याने ती वायर नखाने वाकवून उजेडात धरली. वरचं लाल वेष्टण अगदी धड होतं. आत तांबं तुटलं होतं, चौथ्या स्क्रूच्या बुंध्याखाली दर खेपेला चिमटून चिमटून. डबा बंद झाला की तुटलेली टोकं एकमेकांपासून केसभर सरकायची. एवढंच. त्याने तेवढा तुकडा कापला, नवीन वायर जोडली, ती कोपऱ्यातून न नेता मधल्या मोकळ्या जागेतून फिरवली, डबा मिटला, चारही स्क्रू आवळले. दिवा लागलेलाच राहिला. त्याने डबा उलटा केला, हलवला, टेबलावर आपटला. राहिला. एरवी अशा वेळी त्याला एक आनंद व्हायचा, लहानसा, कुणाला न सांगता येणारा. आज तो आला नाही. आत खाटेवर माय मेथीची जुडी घेऊन बसल्याचा आवाज येत होता, काड्या मोडल्याचा.

तो उठला आणि पायांत चप्पल न घालता आतल्या खोलीच्या दारात गेला, मग आणखी पुढे, तिच्या डाव्या अंगाला, दोन हातांवर. माय पानं खुडत होती. तो हलला नाही. त्याला वाटत होतं की आता ती मान वळवेल आणि म्हणेल, काय रे, असा काहून उभा? तिने पानं खुडली, काड्या वेगळ्या केल्या, एक पिवळं पान बोटांनी चाचपून बाजूला टाकलं. त्याने हात वर केला. हात तिच्या गालापासून फार तर फूटभर असेल. बोटं हलवली. माय पुटपुटत होती, कसलंसं अंगणवाडीतलं गाणं, ओठांतल्या ओठांत. तिच्या चेहऱ्यावर कुणीही समोर नसताना माणसाच्या चेहऱ्यावर असतं तसं काहीतरी होतं, सैल, थोडं थकलेलं, तोंड किंचित उघडं. हा चेहरा त्याने कधी बघितला नव्हता. तो खोलीत आला की तिचा चेहरा बदलायचा, म्हणजे रोज बदलत आला असणार, आणि त्याला वाटायचं हाच तिचा चेहरा. ती तिच्या खोलीत एकटी होती आणि तो तिच्या शेजारी उभा होता. हे फार वेळ चाललं असेल असं नाही. पण बाहेर रस्त्यावरून भाजीवाल्याची गाडी ओरडत आली, गेली, आणि तोवर घरात दुसरं कुणी नाही अशा रीतीने माय मेथी निवडत राहिली. त्याला आपण चोरी करतोय असं वाटलं. तो दोन पावलं मागे गेला, दारात मुद्दाम पाय घासला आणि म्हणाला, "माय."

तिचा चेहरा लगेच गोळा झाला. "झाला का स्क्रू?"

"झाला. माय, उद्या दवाखान्यात जाऊ."

"काहून? तुला काय झालं?"

"डोळे दाखवू."

"तुझे?"

तो आत येऊन खाटेशी उभा राहिला. तिने मेथीची काडी मोडली. "मला काय धाड भरली? दिसून राहिलं की मला. आत्ताच न्हाई का म्हनले, गेम दिसतो म्हनून."

"दिवा लागलेला नव्हता, माय."

"कवा?"

"तू म्हणालीस तवा. अंधार होता पडद्यावर. मलाबी दिसत नव्हतं."

काडी तिच्या हातातच राहिली. मग ती हसायला गेली, आणि ते हसू अर्ध्यात सोडून दिलं. "तू तीन हप्ते त्याच्यापाशी बसलास," ती म्हणाली. "रोज कालेजातून आला की तेच. किती येळ न्हाई दिसत, न्हाई दिसत म्हनावं मानसानं. तुझं बी काय चुकत नव्हतं त्याच्यात." थोडं थांबून म्हणाली, "मला आधी वाटलं, डब्याचंच हाय. खरंच वाटलं. मंग एक दिस खिडकीकडं पाहिलं तर खिडकीबी आर्धीच."

सोमवारी त्याने रजा टाकली. नांदेड रोडवरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांना दोन तास बसावं लागलं. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, दाब मोजला, आत बॅटरी मारून बराच वेळ बघितलं आणि चेहरा न बदलता म्हणाले, आधी एक तपासणी करून घेऊ, कडेची नजर किती आहे ती. त्यासाठी वेगळी अंधारी खोली होती. मशीन म्हणजे एक मोठा पांढरा वाडगा, आडवा ठेवलेला. त्यात हनुवटी टेकवून मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि वाडग्यात कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटन दाबायचं. मशीन चालवणाऱ्या मुलीचं नाव पुनम होतं, पांढऱ्या कोटाच्या खिशावर लिहिलेलं. ती म्हणाली, "आजी, दिवा दिसला की दाबायचं. घाई नाही." माय म्हणाली, "बटन मला म्हाईत हाय. मी गेम खेळते." प्रेमानंद दाराशी स्टुलावर बसला होता. तिथून त्याला वाडग्याचा आतला भाग दिसत होता. दिवे लागत होते, सुईच्या टोकाएवढे, इथे, तिथे, वर, पार कडेला, आणि माय टक टक दाबत होती. सुरुवातीला त्याच्या मनात काहीतरी वर आलं, की बघा, दिसतंय तिला. मग त्याच्या लक्षात आलं की दिवा लागत नव्हता तेव्हाही ती दाबत होती. टक. अंधार. टक. पुनमने मशीन थांबवलं.

"आजी, दिसला नाही तर दाबायचं नाही. उगाच नका दाबू. परत करावं लागेल सगळं."

मायने हनुवटी उचलली. "न्हाई दाबलं तर तुमाला वाटंल, म्हातारीला काहीच येईना."

"मला काही वाटत नाही, आजी. मला खरं पाहिजे फक्त."

अंधारात मायने पदर सावरला. "बरं," ती म्हणाली, आणि तिने परत हनुवटी टेकवली. दुसऱ्या खेपेला ती खूप कमी दाबत होती. एकामागून एक दिवे लागले, विझले, आणि बटन वाजलं नाही. तो मोजत नव्हता, पण प्रत्येक न वाजलेल्या बटनाची त्याला जाणीव होत होती. स्टुलावरून उठून तिला सांगावं, माय, वर बघ, आत्ता वर लागला होता, असं त्याला वाटत होतं, आणि तो हात मांड्यांखाली दाबून बसून राहिला.

कागद छापून यायला वेळ होता. ती दोघं बाहेरच्या बाकावर बसली. थेंबांनी मायच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, उजेडाने पाणी येत होतं, ती पदराने टिपत होती. शेजारी बसलेल्या एका बाईने विचारलं, सून नाही आली संगं? माय म्हणाली, "पुन्याला हाय, नोकरीला. लई काम असतं तिला." ती बाई आत गेली. प्रेमानंद समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "माय, ती न्हाई येणार आता. कोर्टाचं झालं. साल होत आलं."

"मला म्हाईत हाय," माय म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं.

"तुझ्या तोंडावर होतं की. त्या दिशी कालेजातून आलास, हातपाय धुतलेस, जेवलास. भाकर मोडतानी तुझं तोंड पाहिलं. तवा दिसत होतं मला बराबर. म्हनलं, सांगंल त्याच्या मनानं. मंग तू न्हाई सांगितलं, मी न्हाई विचारलं." तिने पदर डोळ्यांवर धरला. "फोन आलता का, हे मी उगी विचारायची. तू कदी तरी म्हनशील, न्हाई आला म्हनून."

कागदावर दोन गोल होते, दोन डोळ्यांचे. कडेने सगळं काळं, आणि मध्ये एक वाकडातिकडा पांढरा तुकडा, उजव्या डोळ्यात बोराएवढा, डाव्यात त्याहून लहान. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, हे स्पष्ट सांगतो. उरलेली राखायची. थेंब रोज, दोन वेळा, एक दिवसही चुकवायचे नाहीत. दोन वर्षं आधी आला असतात तर बरं झालं असतं, असंही म्हणाले, रागाने नव्हे, लिहिता लिहिता. प्रेमानंदने मान हलवली. दोन वर्षं. मोठ्या तोंडाचे कप, फोमची पट्टी, जास्त उजेडाचा बल्ब. रिक्षात बसताना मायने त्याचा दंड धरला, आणि त्याच्या लक्षात आलं की आजवर तिने तो कधी धरला नव्हता, पडायला झालं तरी.

मंगळवारी कॉलेजातून आल्यावर त्याने थेंब घातले, वेळ कागदावर लिहिली, मग गेम तिच्या हातात दिला. दिवा चालू करून. मायने तो आधी डोळ्यांजवळ नेला. मग तिने गेम थोडा लांब धरला, मग थोडा उजवीकडे.

"दिसतंय का?" त्याने विचारलं, आणि लगेच म्हणाला, "खरं सांग."

"मदलं दिसतं," ती म्हणाली. "चांगलं दिसतं, पांढरं फट्ट. कडंचं न्हाई. ठोकळा मदी आला की दिसतो, मंग जातो कुठं तरी." तिने थोडा वेळ खेळून बघितलं. ठोकळे मधोमध रचत गेले, दोन्ही बाजूंना मोकळ्या विहिरी राहिल्या, आणि ढीग वर पोचून खेळ संपला. तिने परत सुरू केला. परत संपला. तिसऱ्या वेळी तिने बटन सरकवून गेम बंद केला, मांडीवर ठेवला आणि तोंड त्याच्याकडे फिरवलं, नेमकं त्याच्याकडे नाही, जरासं पलीकडे, मग मान हळूहळू वळवत, कंदील फिरवावा तशी, त्याच्यावर आणून थांबवली.

"तुझंबी तसंच हाय," ती म्हणाली. "नाक दिसलं की कपाळ जातं. डोळे पाहायला गेलं की तोंड जातं. एका टायमाला पुरता न्हाई दिसत तू. आतापतूर तुझं तोंड पाहून कळायचं मला, तू बोलायची गरज नव्हती. आता तसं न्हाई भागायचं, बाबा. आता तुला बोलाया लागंल."

"काय बोलू?"

"काय बी. आज काय झालं, ते सांग."

काही झालं नव्हतं. असंच तो रोज म्हणायचा, काही नाही, आणि हातपाय धुवायला जायचा. तो खाटेच्या कडेला बसला. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला. मग म्हणाला, आज अकरावीच्या पोरींचं प्रॅक्टिकल होतं. काचेचा प्रिझम असतो, तीन बाजूंचा, त्यातून उजेड सोडला की त्याचे रंग होतात. कळमनुरीकडची एक पोरगी आहे, लई धांदरट, तिच्या हातातून तो पडला. फुटला नाही. नुसता टवका उडाला. पण ती पोरगी! तो सांगता सांगता उठला, त्या पोरीसारखा दोन्ही हात गालांवर नेऊन, डोळे वटारून, तोंडाचा चंबू करून उभा राहिला. माय हसायची वाट बघत त्याच्या आवाजाकडे तोंड करून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर उत्सुकता होती, पण हसू नव्हतं, कारण हसण्यासारखं अजून काही सांगितलं गेलं नव्हतं.

त्याने हात खाली घेतले. परत तिच्या शेजारी बसला, थोडा जवळ.

"तिनं असे हात गालावर ठेवले," तो म्हणाला, "दोन्ही हात, माय, अशी बोटं पसरून. आणि तोंडाचा केला चंबू. डोळे हे एवढे मोठे."

"मंग?" माय म्हणाली.

"मंग बाकीच्या पोरी हसायला लागल्या. सगळ्यांत आधी जी हसली तिचं सांगतो..."